भुयारी स्टेशन: रस्त्यावरून गाडीत बसेपर्यंत किती मिनिटं?

रातपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मागच्या महिन्यात आईला घेऊन गिरगावहून बीकेसीला डॉक्टरांकडे गेलो. तिचं वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पूर्वी हे म्हणजे टॅक्सी आणि दीड तास. आता घराजवळून भुयारी मेट्रो, मध्ये कुठे बदलायचं नाही. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "गाडी पटकन नेते रे, पण गाडीपर्यंत यायलाच किती वेळ गेला!"

मी सोळा वर्षं दिल्लीत भुयारी स्टेशनांमधले पंखे, पंप आणि वातानुकूलन सांभाळलं. बहुतेक काळ रातपाळी, म्हणून हा आयडी. त्यामुळे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भुयारी स्टेशनचं कौतुक होतं तेव्हा लोक ग्रॅनाइट, भिंतीवरची चित्रं, गार हवा याबद्दल बोलतात. माझ्या मते स्टेशन चांगलं की वाईट हे दोन वेळांवरून ठरतं. एक, रस्त्यावरून गाडीत पोचायला किती मिनिटं लागतात. दोन, काही झालं तर फलाटावरून मोकळ्या हवेत यायला किती मिनिटं लागतात. आणि या दोन्ही वेळा, स्टेशन किती खोल न्यायचं हे कागदावर ठरतं त्या दिवशीच ठरून जातात. पुढे तुम्ही कितीही चांगलं चालवा, खोली बदलत नाही.

साधा हिशोब बघा. सरकता जिना ३० अंशात असतो. त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर माणूस दर सेकंदाला २५ सेंटिमीटर खाली किंवा वर जातो. म्हणजे खोलीचा प्रत्येक मीटर प्रत्येक प्रवाशाचे चार सेकंद घेतो, जातानाही आणि येतानाही. फलाट २० मीटर खाली असेल तर नुसतं उभं राहून ८० सेकंद. त्यात मधल्या मजल्यावरची चाल, बॅग तपासणी, गेट हे सगळं मिळवा. जिना बंद असेल तर २० मीटर म्हणजे १३० च्या आसपास पायऱ्या. जवळजवळ सात मजले चढण्यासारखं.

मग इतकं खोल कशाला, हा प्रश्न येणारच. टीबीएमने, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राने, बोगदा खणायचा तर डोक्यावर पुरेसा खडक किंवा माती लागते, निदान बोगद्याच्या व्यासाएवढी तरी. वर इमारतींचे पाये, पुलांचे खांब, जुन्या जलवाहिन्या, मुंबईत तर मिठी नदीसुद्धा. बोगद्याला खाली जायचं असतं आणि स्टेशनला वर यायचं असतं. यावर एक जुनी, सुंदर युक्ती आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ खाली उतरवायचे आणि स्टेशन जवळ आलं की वर चढवायचे. स्टेशनात शिरताना गाडी चढावर असते, त्यामुळे ब्रेक कमी लावावा लागतो. निघताना उतार मिळतो, त्यामुळे वेग घ्यायला वीज कमी लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर हे जाणीवपूर्वक केलेलं आहे. पण मधल्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी साठतं, म्हणून तिथे सम्प (पाणी गोळा होण्याचा खड्डा) आणि पंप आले. या पंपांबद्दल नंतर लिहीन, माझी निम्मी नोकरी त्यांच्यात गेली.

मुंबईची मेट्रो ३ म्हणजे ३३.५ किमी आणि २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, फक्त आरे वर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत, अशी ती तीन तुकड्यांत सुरू झाली. म्हणजे आपल्यातले बरेच जण आता रोज जमिनीखाली उतरतात. तर तुमचे अनुभव लिहा. कुठे लवकर पोचता, कुठे अडता? आत काय चालतं याबद्दल प्रश्न असतील तर मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

मुगभाट

धागा आवडला. मी पण गिरगावातला, त्यामुळे तुमच्या आईंच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इतकी वर्षं पत्रे लावलेले होते. पोरगा पहिलीत होता तेव्हा लागले, निघाले तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. धूळ इतकी की गॅलरीत कपडे वाळत घालणं आम्ही सोडून दिलं. समोरच्या चाळीतली काही कुटुंबं हलवली. त्यांना याच भागात घरं द्यायचं ठरलंय, ती सगळ्यांना मिळेपर्यंत माझ्यासाठी हे स्टेशन पूर्ण झालेलं नाही.

प्रश्न असा: दादर, वरळीकडे मोठाच्या मोठा खड्डा दिसायचा. आमच्याकडे तेवढा खड्डा कधी दिसलाच नाही, तरी खाली एवढं मोठं स्टेशन निघालं. हे कसं केलं?

रातपाळी

@मुगभाट, पुनर्वसनाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते स्टेशनच्या कामाचाच भाग आहे, वेगळं काही नाही.

आता खड्ड्याचं. रस्ता रुंद असेल तर वरून पेटी, म्हणजे स्टेशनएवढा चौकोनी खड्डा, खणतात. आधी दोन्ही कडांना जमिनीत भिंत उतरवायची, बहुतेक वेळा एकमेकांत घुसलेल्या काँक्रीटच्या खांबांची. मग खणत जायचं, आडवे पोलादी टेकू देत जायचं, खाली फरशी ओतायची आणि मजले वर आणायचे. काही ठिकाणी उलट करतात. आधी छत टाकून वरचा रस्ता मोकळा करतात आणि छताखाली खणत राहतात.

गिरगाव-काळबादेवीचा रस्ता तुम्ही रोज बघता. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर वर्षांच्या इमारती, मध्ये जेमतेम दोन गाड्या. तिथे पेटी बसणारच नाही. म्हणून एका बाजूला जागा मोकळी करून उभी विहीर खणली आणि तिथून आडवं आत जाऊन खडकातच गुहा कोरली. याला न्यू ऑस्ट्रियन पद्धत म्हणतात, साइटवर सगळे नाटम म्हणतात. एक-दीड मीटर खणायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे, मोजमाप घ्यायचं, मग पुढचा मीटर. वरच्या इमारतींवर आणि खडकात बसवलेली मोजणीची साधनं बघत बघतच पुढे सरकायचं. तुमच्या चाळीच्या भिंतींवर छोटे आरसे किंवा तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या आठवत असतील, त्या यासाठीच.

याची किंमत दोन प्रकारची. काम हळू होतं, आणि स्टेशन खोल जातं, कारण गुहेच्या डोक्यावर भक्कम खडक शिल्लक ठेवावा लागतो. आईला जो वेळ लागला तो त्या खडकाचा आहे. त्या खडकामुळे वरच्या इमारती उभ्या आहेत. हे कळल्यापासून मला ते ८० सेकंद तेवढे खुपत नाहीत.

मुगभाट

आरसे आठवले! आमच्या जिन्यापाशी अजून एक आहे. पोराला आज संध्याकाळी दाखवतो.

चर्चगेट_फास्ट

मला थोडं वेगळं वाटतं. खोलीला तुम्ही फार महत्त्व देताय.

मी वीस वर्षं लोकलने येतो. माझा वेळ खाली उतरण्यात जात नाही, वर रस्त्यावर जातो. बाहेर पडल्यावर फुटपाथ आहे का? रस्ता ओलांडायला सिग्नल किती वेळ थांबवतो? जवळचं दार कुठल्या बाजूला उघडतं? दादरचंच बघा. मेट्रोचं दादर आणि लोकलचं दादर नावाने एक, पण मध्ये बाजार आणि गर्दी पार करत चालत जावं लागतं. याउलट सीएसएमटी, चर्चगेट, महालक्ष्मी, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल ही स्टेशनं लोकलच्या जवळ आणली हे फार मोठं काम झालं. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला जगन्नाथ (नाना) शंकरशेट यांचं नाव दिलंय याचा मला मनापासून आनंद आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्यामागे नानांची खटपट होती, आणि आता त्यांच्या नावाच्या स्टेशनात लोक एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत जातात.

माझं म्हणणं एवढंच, की स्टेशन फलाटावर संपत नाही. ते माझ्या ऑफिसच्या पायरीपाशी संपतं. दहा मीटर खोली कमी करण्यापेक्षा एक जास्तीचं दार द्या, मी जास्त लवकर पोचेन.

तुळशीवृंदावन

+१ चर्चगेट_फास्ट. मी वरळीहून जाते. रस्त्याच्या पलीकडचं दार उघडल्यापासून माझी पाच मिनिटं वाचली, गाडी तीच.

रातपाळी, मला विचारायचं होतं पाण्याबद्दल. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं ते व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिले. स्टेशन सुरू होऊन सोळा दिवस झाले होते. त्या दिवशी माझी मुलगी मेट्रोने घरी येणार होती. तेव्हापासून जोरात पाऊस लागला की मी तिला फोन करून "वरून ये" म्हणते. मी उगाच घाबरतेय का? खरं काय ते सांगा.

रातपाळी

@तुळशीवृंदावन ताई, तुमची भीती उगाच नाही. पाणी हा भुयारी स्टेशनचा सगळ्यात जुना शत्रू आहे. जरा विस्ताराने लिहितो.

पाणी तीन वाटांनी येतं. भिंतीतून झिरपून, वरून दारातून, आणि खालून.

खालून येणारं कोणाला दिसत नाही. स्टेशन म्हणजे जमिनीतली रिकामी पेटी. पावसाळ्यात आजूबाजूच्या भूजलाची पातळी चढली की ती पेटी बोटीसारखी वर उचलली जाऊ पाहते. म्हणून तळाची फरशी जाड ठेवतात, भिंती पेटीच्या खालीही उतरवतात, गरज पडली तर तळ खडकाला सळयांनी बांधून टाकतात. मुंबईच्या बेसॉल्टने इथे आपल्याला बरीच मदत केली आहे.

झिरपणारं पाणी रोजचं असतं. ते कडेच्या नाल्यांतून सम्पमध्ये जातं आणि पंप ते वर फेकतात. एक चालू, एक राखीव, शिवाय जनरेटरवर चालण्याची सोय.

धोका असतो दारातून येणाऱ्या पाण्याचा, कारण ते एकदम येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तो आकडा मुंबईत काहीही बांधणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतो. म्हणून बहुतेक दारांशी तुम्ही आधी चार पायऱ्या वर चढता आणि मग खाली उतरता. ते चार पायऱ्यांचं जोतं म्हणजे पूरपातळीच्या वर ठेवलेला उंबरा. तोही कमी पडेल असं वाटलं तर दाराच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत फळ्या सरकवून दार खालून बंद करता येतं. तैपेईत सप्टेंबर २००१ मध्ये नारी वादळाचा पाऊस मेट्रोत शिरला, न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने समुद्राचं पाणी साउथ फेरी स्टेशनात भरलं. अशा घटनांनंतर आपापले उंबरे पुन्हा मोजावे लागतात.

अत्रे चौकात पाणी आलं ते वापरातल्या दारातून नाही. एका दाराचं काम अजून चालू होतं, तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली. मान्सून त्या दिवशी मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. यातून मी घेतो तो धडा असा: जे दार पूर्ण झालेलं नाही ते सगळ्यात कमजोर दार. प्रवासी सोडायच्या आधी अर्धवट दारं कायमची असल्यासारखी भक्कम बंद करायला हवीत. पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच.

मुलीला काय सांगायचं? स्टेशनवरचे कर्मचारी गाडी पुढे नाही म्हणाले तर वाद न घालता वर ये, एवढं सांगा. त्या दिवशी गाड्या वरळीपर्यंतच ठेवल्या होत्या आणि तेच बरोबर होतं. बाकी दिवशी तिला खुशाल खालून येऊ द्या.

@चर्चगेट_फास्ट, दारांचं तुमचं म्हणणं मला पटलं. माझा हिशोब फलाटापासून रस्त्यापर्यंतचा होता, तो अपुरा होता. पण एक जोडतो. दार वाढवलं की उंबरा वाढतो, पहारा वाढतो, सरकता जिना आणि लिफ्ट वाढते आणि रस्त्यावर जागा लागते. गिरगावात ती जागा म्हणजे कोणाचं तरी घर असतं.

तुळशीवृंदावन

मनापासून आभार. "आधी चार पायऱ्या वर" हे मी रोज चढते आणि कधी विचारच केला नव्हता.

पेठेतला

पुण्याहून लिहितोय. खोलीचा विषय निघालाय तर आमचं सिव्हिल कोर्ट आलंच पाहिजे. जमिनीखालचा फलाट ३३.१ मीटरवर, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. त्याच्यापुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो, कसबा, मंडई करत स्वारगेटला. तो भाग सप्टेंबर २०२४ मध्ये उघडला.

रातपाळींचा हिशोब लावला तर ३३ मीटर म्हणजे नुसते १३२ सेकंद. आणि वनाझ-रामवाडी मार्ग तिथेच डोक्यावरून खांबांवर जातो. म्हणजे स्वारगेटहून येऊन कोथरूडला जाणारा माणूस पाताळातून निघून रस्ता ओलांडून पुलावर चढतो. माझी आजी असती तर तिला मी हे करायला लावलं नसतं.

पण एक गोष्ट मला या स्टेशनात फार आवडते. छतातून सूर्यप्रकाश थेट खाली येतो. सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास मी जिन्यावरून वर येत असतो तेव्हा फरशीवर उन्हाचा एक तिरपा पट्टा पडलेला असतो. माणसं नकळत त्यातून चालत जातात. तीस मीटर खाली असताना वर दिवस आहे हे कळणं, यानेच छाती मोकळी होते. काही स्टेशनांत मला गुदमरल्यासारखं व्हायचं, इथे कधीच झालं नाही. याचा उपयोग फक्त मनाला होतो की आणखी काही असतं?

रातपाळी

@पेठेतला, छान लिहिलंत. उपयोग फक्त मनाला नसतो. उजेड वरून येत असेल तर माणसाला न सांगता कळतं की बाहेर कुठल्या बाजूला जायचं. गोंधळाच्या वेळी पाटी वाचायला कोणाला वेळ नसतो, उजेडाकडे मात्र सगळे जातात.

टेम्सकाठी

लंडनहून. धागा सकाळी ट्रेनमध्ये वाचला, आता घरी येऊन लिहितेय.

इथे बाहेर पडण्याची गोष्ट निघाली की किंग्ज क्रॉस आठवतंच. १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्यावर कोणीतरी पेटती काडी टाकली. ती पायऱ्यांखालच्या ग्रीस आणि कचऱ्यावर पडली. आग बराच वेळ छोटी दिसत होती, मग जिन्याच्या खोबणीतून एकदम वर उसळली आणि तिकीटघरात गेली. ३१ माणसं गेली. जिन्याच्या उतारात आग अशी चिकटून वर धावते, हे त्या चौकशीतच पहिल्यांदा कळलं. त्यानंतर भुयारी स्टेशनांतले लाकडी जिने काढले गेले. शेवटचा लाकडी जिना ग्रीनफर्डला २०१४ पर्यंत होता, पण ते स्टेशन जमिनीच्या वर आहे.

दुसरं, चर्चगेट_फास्ट यांच्या दारांबद्दल. मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. तिचे फलाट इतके लांब आहेत की लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनचं दुसरं टोक मूरगेटला निघतं, आणि फॅरिंगडनचं दुसरं टोक बार्बिकनला. एका स्टेशनात उतरून माणूस शेजारच्या स्टेशनात बाहेर येतो. फलाटाची लांबी नुसती गाडीसाठी नाही, चालण्यासाठीही वापरली. शिवाय जिन्याच्या शेजारून जिन्याच्याच उतारावर तिरपी चालणारी लिफ्ट आहे. माझे बाबा नागपूरहून आले होते तेव्हा ती बघून लहान मुलासारखे खूश झाले. दोनदा वर-खाली गेलो आम्ही.

वाचनमात्र

वाचतोय. फार दिवसांनी असा धागा. आगीचं थोडं अजून लिहा रातपाळी.

रातपाळी

लिहितो. हा माझा विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

भुयारी स्टेशनांसाठी जगभर एक मोजमाप वापरतात. फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे, आणि सगळ्यात लांबचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचला पाहिजे. हा हिशोब करताना प्रत्येक मजल्यावरचा एक सरकता जिना बंद आहे असं धरतात. लिफ्ट सहसा मोजत नाहीत. मेट्रो ३ च्या आठ डब्यांच्या एका गाडीत साधारण २,५०० माणसं मावतात. आता कळेल, शांत वेळी रिकामे वाटणारे ते रुंद जिने का असतात.

माणसं चालत असताना धूर कुठे जातो ते बघणं माझं काम होतं. स्टेशनच्या दोन्ही टोकांना माणसाहून उंच पंखे असतात. ते दोन्ही दिशांना फिरू शकतात आणि अडीचशे अंश तापलेल्या हवेतही किमान तासभर चालतील असे बनवलेले असतात. बोगद्यात गाडी पेटली आणि पुढच्या स्टेशनापर्यंत येऊ शकली नाही, तर एका टोकाचे पंखे हवा आत ढकलतात, दुसऱ्या टोकाचे बाहेर ओढतात. हवेचा वेग इतका लागतो की धूर मागे वळून येऊ शकणार नाही. मग माणसांना वाऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे स्वच्छ हवेकडे चालवत न्यायचं. दोन बोगद्यांच्या मध्ये साधारण अडीचशे मीटरला एक जोडरस्ता असतो, त्यातून शेजारच्या बोगद्यात जाता येतं. वारा तोंडावर येतोय तिकडे चालायचं, हे तुम्ही सगळे लक्षात ठेवा.

यंत्रं बरोबर असून चालत नाही. दक्षिण कोरियात देगूला १८ फेब्रुवारी २००३ रोजी एका माणसाने गाडीत आग लावली. ती गाडी स्टेशनात जळत असताना समोरून दुसरी गाडी त्याच स्टेशनात आली. तिच्या चालकाने जाताना मुख्य किल्ली काढून नेली आणि दारं बंद राहिली. १९२ माणसं गेली, त्यातली बरीचशी त्या दुसऱ्या गाडीतली. पुढची गाडी स्टेशनात शिरूच द्यायची नाही, हे ज्याच्या हातात असतं त्याला अर्ध्या मिनिटात निर्णय घ्यावा लागतो. आमच्याकडे याचा सराव रात्री व्हायचा. मी प्रत्येक सरावाला देगूचं नाव घ्यायचो, नवीन पोरांना कंटाळा आला तरी.

फलाटाच्या काचेच्या दारांबद्दल एकाने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं होतं. मेट्रो ३ ला ती छतापर्यंत आहेत. दिल्लीच्या यलो लाइनच्या जुन्या स्टेशनांत गाडी यायच्या आधी बोगद्यातून वारा येतो, केस उडतात, मग दिवा दिसतो. गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते. छतापर्यंत काच लावली की तो वारा, ब्रेकची धूळ आणि उष्णता बोगद्यातच राहते, फलाटाची गार हवा वाया जात नाही. आणि रुळांवर कोणी पडत नाही. माझ्यासाठी पहिलं कारण तेच आहे. रुळांवर पडलेल्या माणसासाठी रात्री बोगद्यात उतरलेला कोणीही दुसरं कारण आधी सांगणार नाही.

स्पर्श

मी जन्मापासून अंध आहे. स्क्रीन रीडरवर हा सगळा धागा ऐकला.

त्या काचेच्या दारांबद्दल माझं सांगतो. लोकलच्या फलाटावर मी कायम भिंतीच्या बाजूने चालतो, कारण कडा कुठे संपते ते पायाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मेट्रो ३ ला पहिल्यांदा गेलो तेव्हा हाताने काच चाचपली, आणि आयुष्यात पहिल्यांदा फलाटाच्या मधोमध चाललो. हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

पिवळ्या फरश्यांचं: लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काही बदलतंय. एका स्टेशनात (नाव देत नाही, नंतर सुधारलंय) रेघांवर कोणीतरी बॅरिकेडचा पाय ठेवला होता. मी त्याला गुडघा आपटून बसलो. आराखडा करणाऱ्याने अचूक काम केलेलं असतं, रोज चालवणाऱ्याच्या एका पत्र्याने ते मोडतं. कृपया त्या रेघांवर उभे राहू नका, बॅग ठेवू नका. तुम्हाला ती रंगीत फरशी वाटते, मला तो रस्ता आहे.

आणि भुयारी स्टेशनात मला दिशा आवाजावरून कळते. सरकत्या जिन्याची घरघर, गेटची टिकटिक. घोषणा फार मोठ्या आवाजात सतत चालू असली की बाकी सगळं बुडतं.

चर्चगेट_फास्ट

स्पर्श, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रेघांवर मी उभा राहिलोय, अनेकदा. यापुढे नाही.

मुगभाट

मीही. पोरालाही सांगितलं.

रातपाळी, तुम्ही पंपांचं लिहिणार होतात.

रातपाळी

हो, राहिलंच.

शेवटची गाडी गेली की स्टेशन आमचं. आधी वीज बंद झाल्याचं लेखी यायचं, मग वरच्या तारेला अर्थिंगचा दांडा लावायचा, तोपर्यंत रुळांवर पाय ठेवायचा नाही. त्यानंतर पहाटेची रिकामी गाडी मार्ग तपासून जाईपर्यंत तीन-साडेतीन तास हातात असायचे. त्यात रूळवाले, सिग्नलवाले, सफाईवाले आणि आम्ही.

एका जुलैत रात्री दोनच्या सुमाराला दोन स्टेशनांच्या मधल्या सम्पचा अलार्म वाजला. पाणी चढतंय, पंप सुरू होत नाही. मी आणि एक मदतनीस बॅटऱ्या घेऊन बोगद्यातून चालत निघालो. खाली बघितलं तर दोन्ही पंप ठणठणीत. पाणी चढलं की तरंगत वर येऊन पंपाचं बटण दाबणारा जो गोळा असतो, तो अडकला होता. हात घालून काढलं तर चिप्सचं चंदेरी पाकीट, दोरीसारखं पिळलेलं. कुठल्यातरी फलाटावरून रुळांवर पडलेलं, नाल्यातून वाहत आलेलं. पाकीट काढलं, गोळा वर आला आणि पंप धडधडून चालू झाला. तो आवाज मला अजून आवडतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्याच्या तोंडाशी जाळी बारीक केली, आणि दर पंधरा दिवसांनी गोळा हाताने हलवून बघायचं वहीत लिहून टाकलं. ती नोंद मी नोकरी सोडेपर्यंत तशीच चालू होती.

तुळशीवृंदावन

मुलीला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने विचारलंय, आईंना परत घेऊन जाणार तेव्हा जिन्याने की लिफ्टने?

रातपाळी

गुरुवारीच जाऊन आलो. या वेळी लिफ्टने. रस्त्यावरच्या लिफ्टमधून मधल्या मजल्यावर, तिथून गेट ओलांडून दुसऱ्या लिफ्टने फलाटावर. दोन लिफ्टच्या मध्ये चालायचं अंतर आईला जास्त वाटलं. भिंतीला टेकून बसायला एक बाक तिथे हवा होता. स्टेशनवरच्या ताईंना तसं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे, तेव्हा बाक आला का ते इथे सांगेन.